आईचं मत घरून की केंद्रावर? टपाली मतदानाचे फायदे, आणि त्यामागची एक अट

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगते. तुमच्या आई इंदूरला रामबागेत राहतात. नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेला त्या ८२ वर्षांच्या होत्या. तेव्हा निवडणूक कर्मचाऱ्यांचं पथक घरी आलं आणि मत घेऊन गेलं. सहा महिन्यांनी, लोकसभेला, बीएलओ (भागाच्या मतदारयादीचं काम बघणारा कर्मचारी) म्हणाला, “माताजी, इस बार बूथ पर आना पड़ेगा.” त्या गेल्या, मे महिन्याच्या उन्हात रांगेत थांबल्या आणि पुढे दोन दिवस गुडघे धरून बसल्या. तिकडे अमेरिकेत, ओरेगनमधला तुमचा भाऊ जेवणाच्या टेबलावर बसून मतपत्रिका भरतो आणि पाकीट पेटीत टाकतो. तुमचे प्रश्न तीन आहेत: टपाली मतदान इतकं सोयीचं असेल तर ते आपल्याकडे सगळ्यांना का नाही, २०२८ च्या विधानसभेला आईंसाठी काय करावं, आणि तुम्ही पुण्यात असल्यामुळे तुमचं इंदूरचं मत टपालाने देता येईल का.

मी सरकारी शाळेत शिकवते. त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी सुटत नाही. पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राची प्रमुख, म्हणून केंद्रं सांभाळली आहेत, नेहरू स्टेडियममध्ये टपाली मतांच्या मोजणीच्या टेबलावर बसले आहे आणि २०२३ व २०२४ मध्ये घरोघरी मत घ्यायला जाणाऱ्या पथकात होते. खाली जी मतं आहेत ती माझी आहेत, निवडणूक आयोगाची नव्हेत.

आईंच्या बाबतीत बीएलओचं काही चुकलं नाही. निवडणूक संचालन नियमांत ऑक्टोबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ८० वर्षांवरचे मतदार व दिव्यांग यांना घरून मत देण्याची सोय मिळाली. तिचा पहिला वापर त्याच वर्षी झारखंडच्या विधानसभेत, सात मतदारसंघांत झाला. आपल्याकडे २०२३ ला हाच ८० चा नियम लागू होता. मग १ मार्च २०२४ ला वयाची अट ८० वरून ८५ केली गेली. आयोगाचा अनुभव असा होता की ऐंशी ओलांडलेले बहुतेक लोक केंद्रावरच जाणं पसंत करतात. म्हणजे आई दोन नियमांच्या मधल्या फटीत सापडल्या. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे असतं तर २०२४ लाही पथक घरी आलं असतं. त्या वर्गाला वयाची अट नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. भावाकडे मतपत्रिका टपालाने येते आणि त्याच्याकडून टपालाने किंवा पेटीतून परत जाते. मधे सरकारी माणूस कोणी नसतो. आईंकडे जे आलं होतं त्याला कागदोपत्री टपाली मतदान म्हणतात, पण पोस्टमनचा त्यात काही संबंध नव्हता. दोन मतदान कर्मचारी, पोलीस आणि व्हिडिओवाला असं अख्खं पथक घरी आलं होतं. एका मतापुरतं केंद्रच उचलून आणलं होतं म्हणा ना. हा फरक लक्षात ठेवलात तर ‘सगळ्यांना का नाही’ याचं उत्तर सोपं होतं.

फायद्यांपासून सुरुवात करू, कारण ते खरे आहेत आणि केंद्रावर आयुष्य घालवलेली माणसं ते उगाच नाकारतात.

शरीराचा फायदा उघड आहे. इंदूरचं लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ ला होतं. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीतले दुकानदार सकाळी लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जलेबी फुकट खाऊ घालत होते, कारण लोकांनी ऊन चढायच्या आत बाहेर पडावं हाच हेतू. पण ज्यांना जिना उतरायलाच दोन माणसं लागतात, त्यांना सकाळ काय आणि दुपार काय. केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं, तळमजल्यावर असावं, रॅम्प असावा, हे सगळं नियमात आहे आणि शहरात बहुतांश पाळलंही जातं. अडचण घराच्या दारापासून रिक्षेपर्यंतच्या अंतराची असते. तिथे कोणताही नियम पोचत नाही.

दुसरा फायदा वेळेचा आहे, आणि माझ्या मते तो शरीराच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. केंद्रावर म्हातारा माणूस मशीनपुढे उभा राहिला की त्याला मागची रांग दिसत नाही, पण जाणवते. मी कित्येकांना आत गेल्यावर घाबरलेलं पाहिलंय. बटण दाबलं जातं, लांब बीप वाजतो, शेजारच्या काचेत व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती वाचायला चष्मा शोधेपर्यंत चिठ्ठी पडलेली असते. घरी असं नसतं. मतपत्रिका हातात असते. नावं दोनदा वाचा, बोट फिरवा, थांबा, कोणी टोकत नाही. ओरेगनमध्ये तर मतपत्रिका मतदानाच्या दोन-तीन आठवडे आधी घरी येते, सोबत उमेदवारांची माहितीपुस्तिका असते. तिथल्या मतपत्रिकेवर राज्यपालापासून स्थानिक कराच्या प्रस्तावापर्यंत बरंच काही असतं, त्यामुळे त्या वेळेचा उपयोग होतो. आपल्याकडे एकच रकाना भरायचा असतो, तरी ऐंशीच्या पुढे घाई नसणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

तिसरा फायदा त्यांचा, ज्यांना मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाताच येत नाही. सैनिक आहेत, परदेशातल्या दूतावासांतले कर्मचारी आहेत, आणि आम्ही ड्यूटीवाले. टपाली मत नसतं तर दुसऱ्यांचं मतदान घेणारे आम्ही स्वतः दर निवडणुकीत मताला मुकलो असतो. सैनिकांसाठी २०१६ पासून मतपत्रिका संगणकावरून पाठवतात. ते ती छापून, भरून टपालाने परत पाठवतात. पूर्वी कोरी मतपत्रिकाच सीमेवर पोचायला इतके दिवस लागत की भरलेली परत येईपर्यंत मोजणी उरकलेली असायची.

मग सगळ्यांना का नको? याचं उत्तर मी केंद्रावर नाही, घरोघरी फिरताना शिकले.

साउथ तुकोगंजातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही गेलो होतो. आजी नव्वदीच्या पुढच्या, कान तेवढे मंद. पथक येणार म्हणून घर आवरलेलं, आजींना नवी साडी नेसवलेली. मी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका दिली आणि कसं भरायचं ते मोठ्याने सांगितलं. मुलगा, तोच साठी ओलांडलेला, खुर्ची ओढून आईशेजारी बसला. “मॅडम, तिला आता काही कळत नाही, मी सांगतो ना तिला.” मी म्हटलं, तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा. तो हलेना. तेवढ्यात आजींनी, ज्यांना ऐकू येत नाही असं सगळे धरून चालले होते त्यांनी, मान वर केली आणि म्हणाल्या, “मला कळतं. तू चहाचं बघ.” तो गेला. व्हिडिओवाल्याला मी दाराकडे तोंड करून उभं केलं, कारण चित्रीकरण सगळ्या प्रक्रियेचं असतं, खूण करतानाचं नसतं. आजींनी बराच वेळ घेतला. मधे विचारलं, “बाई, हात थरथरतो, खूण रेघेवर गेली तर?” मी एवढंच सांगितलं की ज्याला द्यायचं त्याच्या चौकटीच्या आत राहू द्या, दोन नावांच्या मधल्या रेघेवर नको. पुढे काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

आता हाच प्रसंग पथकाशिवाय डोळ्यांपुढे आणा. मतपत्रिका पोस्टाने आली आहे, टेबलावर पडली आहे, मुलगा शेजारी बसला आहे. त्याला गॅलरीत पाठवणारं कोणी नाही. तो वाईट माणूस नव्हता, आईची मनापासून सेवा करत होता. पण मत त्याचं झालं असतं.

केंद्रावरच्या मशीनचं, शाईचं, याद्यांचं कौतुक लोक करतात. माझ्या लेखी केंद्राची खरी देणगी म्हणजे तो तीन बाजूंनी झाकलेला कोपरा. तिथे नवरा येऊ शकत नाही, सासरा नाही, घरमालक नाही, मोहल्ल्याचा नेता नाही. कोणी स्वतःच्या हौसेने आपलं मत दाखवू लागला तरी गुप्ततेचा भंग म्हणून त्याला मत देण्यापासून थांबवायचा अधिकार पीठासीनला नियमाने दिला आहे. म्हणजे मत गुप्त ठेवणं हा मतदाराचा नुसता हक्क नाही, ते त्याच्यावर बंधनही आहे. आणि त्या बंधनामुळेच तो सुरक्षित असतो. घरी जाऊन नवऱ्याला ‘तुम्ही म्हणालात त्यालाच दिलं’ असं बाईने सांगितलं तर ते खरं की खोटं हे ताडून पाहायला त्याच्याकडे काही साधन नसतं. टपालाने आलेली मतपत्रिका त्याला ते साधन देते: दाखव बघू, मगच पाकीट चिकटव.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्सने गैरप्रकारांना कंटाळून १९७५ मध्ये टपाली मतदान बंद केलं. ब्रिटनमध्ये २००१ पासून मागेल त्याला टपाली मत मिळू लागलं आणि २००४ ला बर्मिंगहॅमच्या स्थानिक निवडणुकीत टपाली मतांचा इतका घोळ झाला की न्यायालयाने निवड रद्द केली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मतदारसंघात २०१८ ला एका माणसाच्या टोळीने घरोघर जाऊन टपाली मतपत्रिका गोळा केल्या. तो निकाल जाहीरच केला गेला नाही, पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. दुसरी बाजूही सांगते. जर्मनीत २०२१ ला जवळपास निम्म्या मतदारांनी टपालाने मत दिलं, स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य लोक टपालानेच देतात, आणि तुमच्या भावाच्या ओरेगनमध्ये १९९८ ला मतदारांनीच कौल दिल्यावर सगळं मतदान टपाली झालं. तिथे परत आलेल्या प्रत्येक पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात आणि आपलं पाकीट पोचलं की नाही हे मतदाराला तपासता येतं. तेव्हा टपाली मतदान म्हणजे गैरप्रकार, असं मी म्हणणार नाही. ते कुठे चालतं हे घरात कोणाचं चालतं यावर आणि सहीची नोंद किती भरवशाची आहे यावर ठरतं. आमच्या यादीतल्या कितीतरी आजींची सही म्हणजे अंगठा आहे.

आपल्या व्यवस्थेलाही हे उमगलेलं दिसतं. आम्हा ड्यूटीवाल्यांना पूर्वी टपाली मतपत्रिका हातात मिळायची आणि मोजणीच्या सकाळपर्यंत पोचवायची मुभा असायची. मोकळीक चांगली होती, पण त्यात काय काय व्हायचं! कोणी ती कपाटात ठेवून विसरायचं. कुठे एखादा पुढारी स्टाफरूममध्ये येऊन गोड बोलून विचारायचा, की झालं का भरून, बघू जरा. आता ड्यूटीवाल्यांनी मत सुविधा केंद्रावरच द्यायचं: तिथेच मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जाऊन भरायची, तिथल्याच पेटीत टाकायची. आमच्यातल्या काहींना ही कटकट वाटते. मला बरं वाटतं. म्हणजे बघा, शिकल्यासवरलेल्या सरकारी नोकरांच्या हातातही मोकळी मतपत्रिका द्यायला आयोग आता तयार नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: मशीनवर मत बाद होऊच शकत नाही. बटण दाबलं की मत कोणाला तरी पडतं, नाहीतर नोटाला, म्हणजे ‘यांपैकी कोणी नाही’ या पर्यायाला. कागदावर मात्र बाद होतं, आणि बरेचदा मतदाराची निवड स्पष्ट असूनही होतं. मोजणीच्या टेबलावर आधी मोठं पाकीट उघडतात. त्यातून दोन गोष्टी निघायला हव्यात: सही केलेलं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म १३-ए, आणि मतपत्रिका असलेलं चिकटवलेलं छोटं पाकीट. घोषणापत्र सापडलं नाही, त्यावर सही किंवा साक्षांकन नसलं, किंवा त्यावरचा क्रमांक छोट्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर छोटं पाकीट उघडतही नाहीत. मत बाद. काही जण भाबडेपणाने घोषणापत्र मतपत्रिकेसोबत छोट्या पाकिटातच घालतात. सगळं बरोबर भरलेलं असतं, पण उघडायची परवानगी नसल्यामुळे आम्ही ते पाकीट नुसतं बाजूला ठेवतो. मतपत्रिकेवर नाव किंवा सही केली, दोघांपुढे खूण केली, खूण कोणाला हे कळेनासं झालं, तरी तेच. जिंकलेल्या आणि हरलेल्या उमेदवारातलं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, पण तपासणीत ती वैध होतील याची काही हमी नाही. घरी पथक आलं की यातला बराचसा धोका टळतो. घोषणापत्र पथकच भरून घेतं, साक्षांकन तिथल्या तिथे होतं, पाकिटं त्यांच्यासमोर बंद होतात. राहतं ते थरथरत्या हाताचं.

आणि घरून दिलेलं मत बदलता येत नाही. घरचं मतदान मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत उरकायचं असतं, प्रत्यक्षात ते बरेच दिवस आधी होतं. शेवटच्या आठवड्यात मन बदललं, काही नवं कानावर आलं, तर उपाय नाही. इंदूरकरांना २०२४ ची लोकसभा आठवत असेल. काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला, आणि पुढे नोटाला २,१८,६७४ मतं पडली. मतपत्रिका अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर छापतात म्हणून तेव्हा गोंधळ झाला नाही. पण त्यानंतरच्या घडामोडींवर विचार करायला घरून मत देणाऱ्यांना इतरांपेक्षा कमी दिवस मिळाले, हे खरंच. (नोटाची ओळ टपाली मतपत्रिकेवरही असते. हे बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.)

आता २०२८. आई तेव्हा ८७ च्या असतील. नियम आहे तसाच राहिला तर त्यांना घरून मत देता येईल. द्यावं का, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तिन्ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

त्या चालू शकतात का, ही पहिली. खुर्चीवरून उठून आधाराने वीस पावलं टाकता येत असतील तर केंद्र अशक्य नाही. ‘सक्षम’ ॲपवर किंवा १९५० ला फोन करून व्हीलचेअर आधी मागवून ठेवता येते, ज्येष्ठांना रांगेत थांबवत नाहीत, निदान थांबवू नये. मागच्या वेळी आई रांगेत का थांबल्या हे मला कोडंच आहे. पुढच्या वेळी सरळ दाराशी जाऊन पीठासीनला सांगा. तुम्ही त्यांना धरून आत आणू शकता, पण आडोशापर्यंतच. मशीनपर्यंत सोबती न्यायची परवानगी फक्त दिसत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर मिळते. सोबती अठराच्या वरचा लागतो, त्याला लेखी हमी द्यावी लागते आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. नुसते गुडघे दुखतात म्हणून तुम्हाला आत सोडणार नाहीत. मीही सोडलं नसतं.

दुसरी गोष्ट त्यांना काय हवंय. हे फार कमी घरांत विचारलं जातं. कित्येक म्हाताऱ्यांना केंद्रावर जायचंच असतं. पाच वर्षांत एकदा शाळेच्या आवारात चार ओळखीची माणसं भेटतात, बोटाला शाई लागते. घरून मत दिलेले एक काका म्हणाले होते, “मत झालं खरं, पण निवडणूक झाल्यासारखं वाटलं नाही.” त्यांच्या मुलाने तब्येतीच्या काळजीने परस्पर फॉर्म भरून टाकला होता.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. घरात आईंना एकटीने मत देता येईल का? सगळ्यांनी पाच मिनिटं खोलीबाहेर जायचं, हे घरातल्यांना मान्य आहे का? असेल तर घरून मत द्यायला काहीच हरकत नाही. नसेल, आणि त्या चालू शकत असतील, तर त्यांना केंद्रावर न्या. चालता येत नसेल आणि घरातही कोणी ना कोणी डोकावणार असेल, तरी घरूनच द्या. पण पथक आलं की त्यांना हळूच सांगा, आम्हाला बाहेर पाठवा. पथकाला ते सांगायचा अधिकार असतो, आणि घरच्यांनीच म्हटलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

माझा स्वतःचा कल विचाराल तर: अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरचं मतदान ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली सुधारणा आहे, आणि सरसकट सगळ्यांसाठी मी आज तरी त्याच्या बाजूने नाही. मधल्या लोकांसाठी, म्हणजे आईंसारख्यांसाठी, मी कोणालाच एक उत्तर देत नाही.

घरून द्यायचं ठरलं तर वेळ सांभाळा. फॉर्म १२-डी, म्हणजे घरून मत देण्याचा अर्ज, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत भरून द्यावा लागतो. मतदानाच्या तारखेआधी पाच दिवस नव्हे, अधिसूचनेनंतर पाच दिवस. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. बीएलओ घरी फॉर्म आणून देतो आणि भरलेला घेऊन जातो. त्याचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. पथक कधी येणार हे आधी कळवतात. त्या दिवशी मतदार घरी नसेल तर आणखी एकदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. आणि फॉर्म एकदा मंजूर झाला की मतदारयादीत नावापुढे पी.बी. अशी खूण पडते. मग मतदानाच्या दिवशी आईंना एकदम उत्साह आला, चल केंद्रावर जाऊ म्हणाल्या, तरी तिथे मत देता येत नाही. पथकाची भेट चुकली असेल तरीही नाही. पीठासीनच्या खुर्चीतून हे सांगणं फार जड जातं, समोर आजी काठी टेकत आलेल्या असतात.

यादीतलं वयही आत्ताच बघून ठेवा. आपल्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा यादीत अंदाजाने लिहिलेल्या असतात, आणि पात्रता यादीतल्या वयावर ठरते, घरात साजऱ्या होणाऱ्या वाढदिवसावर नाही. चूक असेल तर फॉर्म ८ भरून दुरुस्त होते. गुडघ्यांमुळे चालणं खरंच फार कमी झालं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात दाखवून घ्या. टक्केवारी डॉक्टर ठरवतात, पण ती ४० किंवा वर आली तर वयाचा नियम पुन्हा बदलला तरी आईंचं अडणार नाही. शिवाय हे सगळं लोकसभा-विधानसभेपुरतं आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निर्वाचन आयोग घेतो, त्याचे नियम वेगळे. हे गृहीत धरून नगरसेवकाच्या निवडणुकीत पथकाची वाट बघत बसू नका.

राहता राहिला तुमचा प्रश्न. पुण्यात नोकरी आहे म्हणून इंदूरचं मत टपालाने देता येत नाही. टपाली मत कायद्याने ठरवून दिलेल्या वर्गांनाच मिळतं, आणि घर सोडून दुसऱ्या शहरात राहणारा साधा मतदार त्यांत नाही. अशा लोकांसाठी आयोगाने एका मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं रिमोट मशीन बनवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ते पक्षांना दाखवायला बोलावलं, विरोधी पक्षांनी हरकत घेतली, आणि गाडी तिथेच अडली. तुमचं नेहमीचं राहणं पुण्याचं असेल तर कायद्याप्रमाणे नावही पुण्याच्याच यादीत हवं. त्यालाही फॉर्म ८ च लागतो, ऑनलाइन भरता येतो. आईंच्या जन्मतारखेचं काम करायला बसाल तेव्हा त्याच बैठकीत तुमचंही करून टाका.